एका सुरात ‘होय’

रविवार, ५ ऑक्टोबर २०२५. सकाळ.

आजपासून रोजनिशी. ही कोणी वाचायची नाही. आज विद्यापीठाचा कोर्स सुरू होतोय. उद्या कोणी माझी मुलाखत घ्यायला आलं तर तारखा हाताशी असाव्यात, एवढाच उद्देश.

कोर्स आहे शालेय गणिताचा, नोकरीत असलेल्या शिक्षकांसाठी. मार्चपर्यंत. रविवारी दुपारी ऑनलाइन तास, घरी असाइनमेंट, आणि शेवटी विद्यापीठाचे लोक शाळेत येऊन आपला पाठ बघणार. मला गणित शिकवणार! बावीस वर्षं दहावीचं गणित घेतोय. मालवणच्या बाजारात नुसतं डॉमिंगो विचारलंत तर चार डॉमिंगो निघतील. ‘दहावीचो डॉमिंगो’ म्हणा, सुरमई कापता कापता मासळीवाली कोयत्याने माझ्या घराची दिशा दाखवेल.

पण आमच्या मुख्याध्यापिका रुक्मिणीबाई म्हणाल्या, संस्थेचा ठराव झालाय. पुढच्या जूनपासून दहावीचं गणित हा कोर्स पास झालेल्यालाच. शाळेतून दोन नावं गेली, माझं आणि संचिता मेस्त्रीचं. संचिता माझीच विद्यार्थिनी, आता आमच्याच शाळेत शिक्षिका. पोरीला बिचारीला सोबत म्हणून घेतलं असावं.

संकल्प: पहाटे पाचला उठून वाचन. कोर्समध्ये पहिला नंबर. संचिताला जमेल तेवढी मदत.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

घरात रेंज नाही. परसातल्या दगडी गडग्यावर बसून तास केला. शिकवायला डॉ. सनोबर खतीब, मूळच्या वेंगुर्ल्याच्या. वय असेल पस्तीस. आवाज छान, अनुभव कमी. पहिलाच प्रश्न: अपूर्णांकाने भागताना आपण तो उलटा करून गुणतो, का?

मला वाटलं रेंज गेली. ‘का’च्या पुढे काहीतरी असणार. नव्हतं. नुसतं का!

शेवटी मॅडमनी विचारलं, सगळ्यांना समजलं का. खाली चॅटमध्ये धडाधड ‘होय मॅडम’ पडले. पहिलं माझं. स्पीड आहे.

सोमवार, ६ ऑक्टोबर.

पाचचा अलार्म लावला होता. बायको, एस्पेरांसा, म्हणाली, कोंबड्याक तरी झोपान दी. प्राण्यांचा विचार करून झोपलो.

मंगळवार, १४ ऑक्टोबर.

सातवी ब. आज स्वतःचंच शिकवणं ऐकत राहिलो. मी म्हणतो, ऋण गुणिले ऋण? वर्ग म्हणतो, धSSन! मी म्हणतो, समजलं? वर्ग म्हणतो, होSSय सर! असा एक आवाज निघतो की शेजारची आठवी गप्प बसते. देवळात गाऱ्हाणं घालताना पुढचा म्हणतो आणि मागचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात ना, तस्सं. चर्चमध्ये प्रार्थना मीच सांगतो, तिथेही लोक असेच मागून म्हणतात. ही गोष्ट अंगात असावी लागते. कोर्समध्ये शिकून येत नाही.

तुबा नावाची एक मुलगी आहे, ती मात्र सुरात सूर मिळवत नाही. तिचा बाप स्कुबावाल्यांची बोट चालवतो. उभी राहून म्हणाली, सर, समुद्राच्या खाली तीन मीटर हे ऋण तीन. मग ऋणाला ऋणाने गुणलं तर माणूस पाण्याच्या वर कसा काय येतो?

मी म्हटलं, बस खाली. बसली. पण चेहऱ्यावरून समाधान झालेलं वाटलं नाही. काही मुलांना उपजतच गणित कमी असतं.

रविवार, २ नोव्हेंबर.

दिवाळीच्या सुट्टीत सगळं वाचून काढणार होतो. एका जागी बसवलं नाही. आता नेटाने.

असाइनमेंट आली. साडेतीन भागिले अर्धा, यावर एक गोष्ट रचा. गोष्ट! हा गणिताचा कोर्स आहे की बालवाडीचा? तरी पण एका बैठकीत लिहिली. साडेतीन बांगडे आहेत. दोघे भाऊ आहेत. अर्धे अर्धे वाटून घेतात. प्रत्येकाला पावणेदोन.

मग नियमाने करून बघितलं तर उत्तर सात आलं. दोनदा केलं. सातच. म्हणजे बांगड्यांत घोटाळा आहे. खाली टीप लिहिली: मासे लहानमोठे असल्याने व्यवहारात फरक पडतो.

एस्पेरांसाने टीप वाचली आणि विचारलं, अर्धो बांगडो खंय गेलो? तिला कल्पनाशक्ती नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर.

असाइनमेंट तपासून आली. मॅडमचा शेरा: ‘ही गोष्ट दोनने भागल्याची झाली, अर्ध्याने भागल्याची नाही. पुन्हा करा.’

पुन्हा करा! म्हणजे गोष्ट आवडलेली आहे.

संचिताने लिहिलं होतं, साडेतीन लिटर कोकमाचं आगळ, अर्ध्या लिटरच्या बाटल्या, भरतील सात. मॅडमनी सगळ्यांना वाचून दाखवलं. बरोबर आहे, नाही असं नाही. पण दुकानदारी झाली. माझ्या गोष्टीत दोन भाऊ होते, कुटुंब होतं.

रविवार, २३ नोव्हेंबर.

आज सावंतवाडीला समक्ष तास. पहाटेच्या गाडीने मी आणि संचिता. वाटेत तिला सांगितलं, घाबरू नकोस, अडलं तर माझ्याकडे बघ.

मॅडमनी मला फळ्यावर बोलावलं. समीकरण सोडवा आणि सोडवताना बोला. खडू हातात आला की मी वेगळाच माणूस होतो. म्हटलं, हे अधिक पाच इकडचं तिकडे नेलं, चिन्ह बदललं, झालं वजा पाच, उत्तर तय्यार! मॅडमनी विचारलं, इकडून तिकडे जाताना नेमकं काय होतं? चिन्ह कोण बदलतं? मी म्हटलं, बरोबरच्या चिन्हावरून उडी मारताना ते आपोआप बदलतं.

सगळे हसले. जिल्ह्याभरचे शिक्षक! एवढा आपलेपणा मला बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता.

मग संचिता उठली आणि म्हणाली, तराजूच्या दोन्ही पारड्यांतून पाच पाच काढले की तोल तसाच राहतो, नेत कोणीच काही नाही. मॅडम म्हणाल्या, सुंदर. परतताना मी तिला म्हटलं, उडी जास्त लक्षात राहते. ती म्हणाली, होय सर. आज्ञाधारक आहे.

बुधवार, २४ डिसेंबर.

तीन असाइनमेंट राहिल्यात. नाताळ आहे. नेवऱ्या तळायच्या, गोठा सजवायचा, मुंबईहून मेहुणा येणार. येशूच्या जन्मापुढे अपूर्णांक काय!

नवीन वर्षापासून पाचला उठणार. या वेळी नक्की. कोंबड्यांचं बघून घेऊ.

रविवार, ११ जानेवारी २०२६.

संचिताकडून तिच्या असाइनमेंट तपासायला मागून घेतल्या. तपासता तपासता हाताला सवय म्हणून माझ्या वहीत उतरल्या. विचार सारखे असले की वाक्यंही सारखीच येतात.

बुधवार, २१ जानेवारी.

शेरे आले. एका ठिकाणी मॅडमनी खाली रेघ मारलीय. वाक्य असं: ‘मी दहावीत असताना आमचे सर म्हणायचे, आत्ता पाठ कर, कारण पुढे कळेल. ते मला या कोर्समध्ये कळलं.’ समासात मॅडमनी विचारलंय, हे सर कोण?

मला आठवेना. मला दहावीला शिकवायला एक म्हातारे मास्तर होते, ते तर बहिरे होते. मग वाक्य पुन्हा वाचलं. ते संचिताच्या वहीतून उतरलेलं होतं. मग वही मिटली.

संचिता शाळेत भेटली. तिने डब्यातलं तिसरं घावन माझ्यापुढे सरकवलं. खाल्लं.

मंगळवार, ३ फेब्रुवारी.

आता सगळं शेवटच्या पाठावर. पुढच्या मंगळवारी मॅडम स्वतः येणार. असाइनमेंटमध्ये मागे आहे हे खरं, पण पाठ चांगला झाला तर पास, असं नियमावलीत आहे. आणि पाठ म्हणजे माझं घर! वर्ग सातवी ब, विषय ऋण संख्यांचा गुणाकार. शेवटी दहावी माझीच राहणार. संचिताला मी समजावीन, तुझं वय आहे अजून.

आज तालीम घेतली. मुलांना सांगितलं, मॅडमसमोर एकच आवाज आला पाहिजे. मागच्या बाकांनी जरा लवकर सुरू करायचं, म्हणजे पुढच्यांशी जुळतं. चौथ्या वेळेला असा जमला की खिडकीतले पारवे उडाले.

फक्त तुबा. परत तेच. सर, पण का? तालमीत सुद्धा!

गुरुवार, ५ फेब्रुवारी.

उपाय सापडला. मंगळवारी सावंतवाडीला चित्रकला स्पर्धा आहे. शाळेतर्फे एक मूल पाठवायचं होतं. तुबाचं नाव दिलं. ती म्हणाली, सर, मला चित्र काढता येत नाही. मी म्हटलं, कला कधीही फुलते.

एस्पेरांसा म्हणाली, त्या पोराक कित्याक धाडतंस? तिका काय येता? आमच्या बोलीतही हा ‘का’ आहेच. कित्याक, कित्याक! सगळीकडून मागे लागलाय.

मंगळवार, १० फेब्रुवारी. सकाळ.

नवा शर्ट. खडू नवे. देवाला मेणबत्ती लावली. तुबा सहाच्या गाडीने रवाना. आज इतिहास घडणार.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

पाठ अप्रतिम झाला. ऋण गुणिले ऋण, धSSन! समजलं, होSSय सर! रुक्मिणीबाई दारात उभ्या राहून मान डोलवत होत्या. संचिता मागे बसली होती. मॅडमही मागेच, हातात पेन, काही लिहीत नव्हत्या. मी म्हटलं, भारावल्या.

शेवटी मॅडम उठल्या, मला म्हणाल्या, सर, मी मुलांना एकदोन प्रश्न विचारू का? मी म्हटलं, वर्ग तुमचाच.

त्यांनी विचारलं, मग वजा तीन आणि वजा दोन यांची बेरीज अधिक पाच, बरोबर? वर्ग म्हणाला, होSSय बाई! मागच्या बाकांनी बरोबर आधी सुरू केलं.

मॅडम एक पाऊल पुढे आल्या. म्हणाल्या, आणि सात साते छप्पन्न? होSSय बाई! मी डोळ्यांनी खुणा करत होतो. मुलांना वाटलं मी आवाज वाढवा म्हणतोय. वाढवला.

मग मॅडमनी खिडकीबाहेर बघितलं आणि अगदी सहज विचारलं, आज रविवार ना?

गणवेशात, दप्तरासकट, मंगळवारी बसलेली अख्खी सातवी ब म्हणाली, होSSय बाई!

कोणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मॅडमनी हळूच विचारलं, या वर्गात नाही कोणीच म्हणत नाही का? याचं उत्तर तालमीत नव्हतं. मग शेवटच्या बाकावरून एकजण उठला आणि म्हणाला, बाई, तुबा म्हणता. पण तिका सरांनी सावंतवाडीक धाडल्यानी.

संचिताने माझ्याकडे बघितलं नाही. खाली बघितलं.

माझं मत: प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचे होते. वार हा गणिताचा भाग नाही. मुलांनी पाहुण्यांचा मान राखला, यात संस्कार दिसतात. हे मॅडमच्या लक्षात येईल. त्या कोकणातल्याच आहेत.

बुधवार, ११ फेब्रुवारी.

तुबा परत आली. स्पर्धेत काय काढलंस विचारलं. म्हणाली, समुद्र. वर एक माणूस, खाली एक माणूस. विषय दिला होता ‘माझी शाळा’.

बुधवार, १८ फेब्रुवारी.

आजपासून उपवासकाळ. कपाळाला राख लावून घेतली. ईस्टरपर्यंत मासे बंद, रिझल्टसाठी नवस. एस्पेरांसाला सांगितलं. ती म्हणाली, बरां.

शनिवार, २१ फेब्रुवारी.

सुंगटं, म्हणजे कोळंबी, हा मासा नव्हे. शास्त्रात तसं आहे.

रविवार, १ मार्च. दुपार.

मॅडमचा फोन आला. रिझल्ट अजून लागायचाय. मी धावत गडग्यावर गेलो. म्हणाल्या, सर, मार्कांसाठी नाही विचारत, असंच. वजा गुणिले वजा अधिक का होतं, तुमच्या शब्दांत सांगा ना. चुकलं तरी चालेल. तुम्ही एवढी वर्षं शिकवताय, तुम्हाला कधीतरी वाटलं असेलच की का. तेवढं बोललात तरी मला पुरेसं आहे, मी पाठ परत बघायला येईन.

एवढ्या प्रेमाने बोलत होती पोर.

मी म्हटलं, हॅलो? हॅलो? मॅडम, रेंज जातेय. आणि बंद केला.

रेंज पूर्ण होती.

मला माहीत नाही. का होतं ते मला खरंच माहीत नाही, आणि बावीस वर्षांत मी कोणाला विचारलं नाही, कारण दहावीच्या डॉमिंगोने कोणाला विचारायचं? (ही दोन वाक्यं उद्या खोडायची.)

रविवार, १५ मार्च.

रिझल्ट. संचिता विशेष प्रावीण्यासह. माझा शेरा: ‘वर्गात उत्तम शिस्त. मात्र एकही मूल विचार करताना दिसलं नाही. पाठ पुन्हा घ्यावा. पुढील वर्षी नोंदणी करावी.’

एस्पेरांसाला पहिलं वाक्य वाचून दाखवलं. ती म्हणाली, आणि फुडला? म्हटलं, पुढे सही आहे.

संचिताचं अभिनंदन केलं. ती पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले. का घेतले, माहीत नाही.

सोमवार, २३ मार्च.

विचारांती कळलं की काहीही बिघडलेलं नाही. ठराव म्हणजे कागद. शाळा माणसांवर चालते. दहावी संचिताला दिली तर पालक बोंब मारतील. मारतीलच. मी दोघांना बाजारात गाठून विचारलं. एक म्हणाला, होय सर. दुसराही म्हणाला, होय सर. जनमत माझ्या बाजूने आहे.

शुक्रवार, १७ एप्रिल.

उद्या स्टाफ मीटिंग. पुढच्या वर्षीची वर्गवाटणी. मी ‘नाही’ म्हणणार. स्पष्ट. उभं राहून.

भाषण तयार आहे. सुरुवात: बाई, माझा विरोध आहे. मग कारणं. कारणं विचारायची सवय या कोर्सनेच लावली, मग आता ऐका म्हणावं! गडग्यावर उभं राहून माडांसमोर म्हणून बघितलं. आवाज खणखणीत लागला. एस्पेरांसा कपडे वाळत घालत होती. तिने विचारलं, तुका म्हणाक येतला मां? मी म्हटलं, नुसता एक शब्द तर आहे.

संध्याकाळी तिने न सांगता भाकरीबरोबर बांगड्याचं तिखलं केलं, माझ्या आवडीचं.

शनिवार, १८ एप्रिल.

मीटिंग अकराला. मी पहिल्या रांगेत. भाषण खिशात नव्हे, डोक्यात.

रुक्मिणीबाईंनी एकेक वर्ग वाचला. दहावी गणित, संचिता मेस्त्री. मग माझ्याकडे बघून, अगदी मायेने, डॉमिंगो सरांना आता जरा आराम, पाचवी आणि सहावी, शिवाय कार्यानुभव, म्हणजे बागकाम वगैरे. आणि सर, संचिता नवीन आहे, पहिल्या दिवशी तुम्हीच तिला दहावीच्या वर्गावर सोडून या.

संचिता म्हणाली, बाई, सरांना एकदा विचारायला हवं. मागे बसून, हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठलो. बाईंनी विचारलं, सर, चालेल ना?

बाई, माझा विरोध आहे. हे वाक्य ओठांवर आलं होतं. माझी दहावी! बावीस वर्षं!

मी म्हणालो, होSSय बाई.

हेल सुद्धा तोच. मागून सगळा स्टाफ म्हणाला, होSSय बाई. एका सुरात. मागच्या बाकांनी जरा आधी सुरू केलं होतं.